गाण्याआधी दोन शब्द

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दैनंदिनी पुन्हा लिहायला घेतो आहे. निवृत्त झाल्यावर सोडून दिली होती. रोज 'सकाळी फिरून आलो, गुडघा दुखला' एवढेच लिहायचे, तर शाई कशाला नासायची? पण आता आमच्या घरात इतिहास घडू लागला आहे आणि इतिहासाला लेखनिक लागतो. आमची ही गायिका झाली आहे.

नीट सांगतो. मी भाषेचा शिक्षक. सारा जन्म वर्गात कविता शिकवण्यात गेला. अजूनही दुपारी डोळा लागला की ते दिवस परत येतात. खडूची धूळ उन्हात तरंगते आहे, अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणतो आहे, आणि खिडकीतली चिमणीसुद्धा योग्य जागी यति घेऊन चिवचिवते आहे. अर्थ सांगताना माझे उजव्या हाताचे बोट आपोआप वर जाई. अजून जाते. मुले मला पाठीमागे 'तर्जनी' म्हणत, आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखे करी. प्रेमच ते.

ही बसस्थानकावर सूचना द्यायची. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असा जो आवाज येतो, तो हिचा. तोही सारा जन्म. म्हणजे घरात दोघेही बोलून पोट भरणारे. फरक एवढाच, की माझे ऐकणाऱ्यांना उठून जाता येत नसे आणि हिचे ऐकले की लोक लगेच उठून जात. (हा विनोद मी लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला करतो. ही दर वेळी तितकीच शांतपणे ऐकते.)

परवा स्थानकातल्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता. तिथे हिने गाणे म्हटले. स्वतः रचलेले! साथीला कन्येच्या लहानपणीचा कीबोर्ड. त्याची एक पट्टी खराब आहे. एकदा दाबली की आत अडकून बसते आणि तोच एक सूर वाजत राहतो. त्या सुरावर, चाल म्हणावी अशी कुठलीही चाल न लावता, ही आपल्या सूचनेच्याच आवाजात म्हणाली:

चष्मा कपाळावर आहे.
चष्मा कपाळावर आहे.
शोधणाऱ्यांनी शोध चालू ठेवावा.
गाडी सुटायला अवकाश आहे.

मग पुन्हा हेच. फक्त शेवटची ओळ, 'गाडी सुटली आहे.'

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. चालक-वाहक मंडळी, साधी माणसे. मला मात्र त्यात काव्य सापडेना. वृत्त नाही, यमक नाही, मात्रा मोजायला बोटे पुढे केली तर बोटांनाच कसेसे झाले. पण घरी येऊन मनन केले आणि लख्ख प्रकाश पडला. ही नकळत अध्यात्म बोलून गेली आहे! चष्मा म्हणजे ज्ञान. कपाळ म्हणजे प्रारब्ध. शोधणारा तो जीव. बिचारीला आपण काय बोललो याचा पत्ताही नाही. चहा घेताना मी तिला हे सगळे सविस्तर समजावून दिले.

"अहो," ती म्हणाली, "तो चष्मा घ्या आधी कपाळावरून. पडेल चहात."

शनिवार, ८ फेब्रुवारी

कन्येने मेळाव्यात हिचे गाणे फोनवर टिपले होते. ते आता कुणाकुणाच्या फोनवर फिरते आहे म्हणे. आज सकाळी एक दाढीवाला तरुण दारात. रंगाच्या दुकानावर त्याचे छोटे सभागृह आहे, तिथे 'वेगळे' गायक गातात. वेगळे म्हणजे काय, तर ज्यांना दुसरीकडे कुणी गाऊ देत नाही ते.

"काकू, असं मी आजवर ऐकलं नाही," दाढीवाला म्हणाला.

"स्थानकावर आला असतात तर रोज ऐकलं असतंत," ही म्हणाली.

तालमीबद्दल त्याने विचारले. ही हसली. "तालीम करून कुणी सूचना देतं का? कीबोर्ड पिशवीत आहे, तिथेच काढीन. तोवर तो पिशवीतच बरा."

मी म्हटले, "कार्यक्रमाआधी मी दोन शब्द बोलेन. श्रोत्यांना भूमिका समजायला हवी."

ही चटकन म्हणाली, "तुम्ही कशाला? जिना आहे तिथे. गुडघा दुखेल. कंटाळाल."

कंटाळेन? कवितेला? मी तिला म्हटले, अगं, तुझ्या गाण्याला वृत्त नाही, तेव्हा निदान अर्थाची काठी तरी हवी. दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग हिच्याकडे, मग पुन्हा माझ्या वर गेलेल्या बोटाकडे. म्हणाला, "सर, तुम्ही हवेतच."

माणूस पाहूनच पारख करणारी पिढी अजून शिल्लक आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

काय लिहू! ऊर भरून आला आहे.

सभागृह लहान, खुर्च्या नाना जातीच्या, रंगाचा वास थेट नाकात. पण श्रोते! मी उभा राहिलो आणि 'चष्मा' या गाण्याचे संदर्भासहित स्पष्टीकरण दिले. कोण कोणास म्हणते आहे, प्रसंग कोणता, मध्यवर्ती कल्पना, काव्यसौंदर्य. वर्गात ज्या क्रमाने देत असे त्याच क्रमाने. 'हा शोधणारा गृहस्थ आपल्यापैकी कुणीही असू शकतो' असे म्हणालो तेव्हा जो हशा पिकला! 'आपल्या अज्ञानाचेच त्याला ज्ञान नाही' म्हणालो तेव्हा एक बाई डोळे पुसू लागल्या. मी बोट वर केले की टाळी. मला क्षणभर वाटले, कविता इतकी विनोदी नाही. पण अनुभवी शिक्षकाला ठाऊक असते, वर्ग हसतो तेव्हा तो शिकत असतो.

गाण्याच्या वेळी मात्र सगळे गप्प. एवढ्या हसऱ्या श्रोत्यांनी हिच्या गाण्याला निदान दाद तरी द्यायची होती. मला हिचे वाईट वाटले. परतताना मी तिला धीर दिला. "होईल हळूहळू. पहिलीच वेळ आहे."

ही खिडकीबाहेर बघत राहिली. कन्या गाडी चालवत होती, तिला एकाएकी खोकल्याची उबळ आली.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दुसरा कार्यक्रम. नवे गाणे. इथे उतरवून ठेवतो:

मी हात वर केला आहे.
तास सुरू आहे, म्हणून थांबले आहे.
हात वर आहे.
त्याच हाताने इस्त्री केली, डबे भरले, दिवे घालवले.
हात अजून वरच आहे.
उत्तर येत असणाऱ्यांनी गप्प बसावे.

शिक्षणव्यवस्थेवर इतका जहाल हल्ला मी आजवर वाचलेला नाही! ऐकताच ओळखले, की हे आमच्या मुख्याध्यापकांवर आहे. तो माणूस कुणाला बोलू देत नसे. एकदा मी सभेत हात वर केला तर म्हणाला, 'खाली घ्या, वारा येतोय.' हे मी घरी येऊन हिला सांगितले होते. किती वर्षे मनात जपून ठेवले तिने! नवऱ्याचा अपमान बायकोच्या काळजात कसा रुततो, हे माझ्या दोन शब्दांत मी श्रोत्यांना सांगितले.

खुर्च्या पडल्या हो हसून हसून.

माझा मित्र कॅशियर आला होता. बँकेत होता, म्हणून आम्ही त्याला तेच म्हणतो. तो एकटाच हसला नाही. बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पत्ते खेळायला येत जा रे रोज. घरात फार बसतोस."

पुष्कळांना दुसऱ्याचे यश पचत नाही. त्याचे पोट तसेही नाजूक.

रविवार, ९ मार्च

हिला आता लोक 'सूचनाबाई' म्हणतात. वाण्याकडे गेलो तर पोरीबाळी मागे वळून पाहतात आणि एकमेकींना कोपर मारतात. मी 'काव्यकोकिळा' असे नाव सुचवले होते, पण हिने नाक मुरडले. "कोकिळा कशाला? मी काय झाडावर बसते?"

तिसरे गाणेही गाजते आहे. 'समजलं का? समजलं का? न समजलेल्यांनी समजलं म्हणावं आणि डावीकडच्या दाराने बाहेर पडावं.' हे मी गोड निरागस बालगीत म्हणून समजावून देतो.

आणि खरी बातमी. गावातल्या मोठ्या सभागृहातून बोलावणे आले आहे! ते लाल खुर्च्यांचे, वरती गॅलरी असलेले. दाढीवाला धावत आला सांगायला. मी आनंदाने स्वयंपाकघरात गेलो, तर ही ओट्याला टेकून उभी. हातातला चमचा तसाच.

"तिथे मी एकदा गेले होते," म्हणाली. "लहान असताना, मावशीबरोबर. एक बाई गात होती. सगळे तिच्याकडे बघत होते. सगळे." मग चमचा खाली ठेवला. "मी किती वर्षं बोलले स्थानकावर. माझं ऐकून लोक धावायचे, पण गाडीकडे बघत. काचेची खोली होती माझी, खिडकी अगदी समोर. कुणी मान वर केली नाही."

मी तिला म्हटले, हे फार सुंदर आहे, मात्र 'गाडीकडे बघत'च्या जागी 'अश्वरथाकडे पाहत' घातलेस तर वृत्तात बसेल.

ती म्हणाली, "मी बोलत होते. गाणं नव्हतं ते."

शुक्रवार, १४ मार्च

विचित्र प्रकार. ही मोठ्या सभागृहाला नाही म्हणते आहे!

मी दुपारी आडवा झालो होतो. पलीकडच्या खोलीत ही आणि दाढीवाला. ऐकायचे नव्हते, पण स्थानकावरचा आवाज भिंतीला जुमानत नाही.

"सर नसतील तर सभागृहवाल्यांना कार्यक्रम नको आहे, काकू. लोक दोघांना बघायला येतात."

"मग नको. मला त्यांना असं उभं करायचं नाही तिथे, सगळ्यांसमोर."

"त्यांना मजा येते की."

"त्यांना काय येतं ते मला माहितेय. मला नाही येत."

डोळे भरून आले. माझ्या गुडघ्याची किती काळजी! मला उभे राहावे लागू नये म्हणून ही आयुष्यातली संधी सोडायला निघाली आहे. संध्याकाळी मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितले, "तू माझी चिंता करू नकोस. मी खुर्चीवर बसून बोलेन. पण त्या लाल खुर्च्यांसमोर तू गाणार म्हणजे गाणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की मी चष्मा शोधू लागलो.

"बरं," म्हणाली शेवटी. "तुमचं ऐकते. नेहमीसारखं."

शनिवार, २२ मार्च

कॅशियरने आज पत्ते मिटवून ठेवले.

"तुला कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. लोक तुला हसतात."

"विवेचनाला हसतात," मी म्हणालो.

"तुला रे, तुला! गाणी तुझ्यावर आहेत. चष्मा तुझा. तास तुझा. 'समजलं का' कोण म्हणतो दिवसातून पन्नास वेळा? ती तुझं सोंग काढते आणि तू मध्ये उभा राहून ते सोंग समजावून देतोस. लोकांना असं फुकटचं मिळतं कुठे?"

मी म्हटले, "साहित्य तुझा प्रांत नाही. समजलं का?"

त्याने नुसते माझ्याकडे बोट दाखवले. मग पत्ते पुन्हा वाटले. मी हरलो.

रविवार, २३ मार्च

कन्येकडून फोन मागून घेतला. म्हणाली, "कशाला, बाबा?" मी म्हटले, भाषण सुधारायचे आहे. दार लावून पहिल्या कार्यक्रमाचे चित्रण पाहिले.

एक म्हातारा आहे. चष्मा कपाळावर. खिसे चाचपतो आहे आणि म्हणतो आहे, 'या शोधणाऱ्याला काय म्हणावे?' आणि बोट वर.

मी बोलतो तिथे तिथे हशा. ही गाते तिथे शांतता. पण ती शांतता मला वाटली होती तशी नाही. पुढच्या रांगेतल्या त्या बाई माझ्या बोलण्याला डोळे पुसत होत्या, ते हसून. हिच्या गाण्याच्या वेळी पुन्हा पुसत होत्या. ते निराळे.

पुढच्या चित्रणातला, बालगीत समजावणारा म्हातारा मी बघितला नाही.

मंगळवार, १ एप्रिल

बोलायचे नाही असे ठरवले होते. टिकले नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

ही कपडे घड्या करत होती. माझी बनियन उलटी केली, सुलटी केली. "सांगितलं की. तीन गाण्यांत सांगितलं. तुम्ही तीनही मला समजावून दिलीत."

"गाण्यात कशाला? तोंडाने सांगायचं."

"तोंडाने सांगायचं म्हणजे तुम्ही थांबायला हवं ना मधे. मला पहिल्यांदा गाणं सुचलं तेव्हा काय झालं, आठवतं? तुम्ही आंघोळीला गेला होतात. आतून बोलत होतात. दार बंद होतं, म्हणून मला एक ओळ पुरी करता आली."

"सगळं जग हसलं मला."

"येऊ नका म्हणाले होते मी. जिना आहे म्हणाले, गुडघा म्हणाले. अजून काय म्हणायचं होतं?"

मी म्हणालो, "मोठ्या सभागृहात मी येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. "मी एकटी गाईन." घड्या केलेल्या कपड्यांवर तळवा फिरवला. "त्यांना सांगून बघते. चाललं तर चाललं."

मी मुद्दाम उत्तर दिले नाही. पण हिला ते जाणवलेसुद्धा नाही. ही गुणगुणत होती.

गुरुवार, १० एप्रिल

सभागृहवाले हो-ना करत तयार झाले. रविवारी दुपारी कार्यक्रम. जाहिरातीत फक्त 'सूचनाबाई'.

दहा दिवस विचार केला. वर्गातल्या सुंदर दुपारी आठवल्या. सगळी मुले एका सुरात म्हणत, एकाचाही आवाज वेगळा निघत नसे. त्यालाच मी सौंदर्य म्हणत होतो. असो.

एवढेच ठरवले, की मन मोठे करायचे. लाल खुर्च्यांचे सभागृह आहे, तिथे हिने त्या खुळचट एका सुरावर गावे? लोक काय म्हणतील? ही दुपारी झोपली असताना पिशवीतून कीबोर्ड काढला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून पाहिले. "काका, किरकोळ आहे. आत गोळीचा कागद चिकटलाय." कन्येचा प्रताप! कागद निघाला, पट्टी मोकळी झाली. दाबली की वाजते, सोडली की थांबते. कशी शिस्तीत!

परत आणून पिशवीत ठेवला. हिला सांगितले नाही. रागावलेल्या नवऱ्याने गुपचूप दिलेली भेट. यावर खरे म्हणजे कविता व्हायला हवी.

सोमवार, १४ एप्रिल

काल काय झाले ते क्रमाने लिहितो. घाई केली तर समजणार नाही. मलाही.

मी जाणार नव्हतो. कन्या म्हणाली, "बाबा, मागे बसा. कुणाला दिसणार नाही." करडा कोट घातला आणि शेवटच्या रांगेत बसलो. सभागृह भरलेले. गॅलरीतसुद्धा माणसे. पडदा सरकला. ही आली, एवढीशी दिसत होती. सगळे तिच्याकडे बघत होते. सगळे.

तिने पट्टी दाबली. सूर निघाला. तिने हात काढला.

सूर थांबला.

पुन्हा दाबली. सूर. हात काढला. शांतता. बोट ठेवून गायचा प्रयत्न केला, पण ही गाते ती हात बांधून, ताठ उभी राहून, स्थानकावर उभी राहायची तशी. वाकून बोट ठेवले की आवाज दबत होता. पुढच्या रांगांत कुजबूज सुरू झाली. वर कुणीतरी शीळ घातली. विंगेत दाढीवाला कपाळावर हात मारून उभा.

हिने कीबोर्ड उलटा केला, खालून बघितला, सरळ ठेवला. आणि मान वर केली. मला वाटते, तेव्हाच तिला कळले. घरात दुरुस्तीची हौस दुसऱ्या कुणाला आहे?

मग तो आवाज. ध्वनिक्षेपकाचीही गरज नव्हती.

"श्रोत्यांनी कृपया लक्ष द्यावे. एक वयस्कर गृहस्थ सभागृहात आहेत. अंगात करडा कोट. न बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतात. त्यांनी जिथे असतील तिथून मंचावर यावे. खिडकीतल्या बाई त्यांची वाट पाहत आहेत."

हशा असा उठला, की छताचा पंखा हलला. उठून दाराने निघून जाता आले असते. दार दोन पावलांवर होते, डावीकडेच. पण किती वर्षांत हिने मला हाक मारली नव्हती. हाक मारायला मी कधी दूर असायला हवा होतो ना.

मी गेलो. गुडघा दुखत होता. पायऱ्या चढलो. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर. समोर पट्ट्याच पट्ट्या, सगळ्या सारख्या. दोष कुठल्या पट्टीत होता ते दिसेना. मी खिसे चाचपले. वरचा, आतला, पुन्हा वरचा. आणि हिला विचारले, सवयीने, "अगं, माझा चष्मा पाहिलास?"

पुढचे वर्णन मला जमणार नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. गॅलरीतून कुणीतरी ओरडले, 'गाडी सुटायला अवकाश आहे!' आणि सगळे सभागृह, पाचशे माणसे असतील, एका सुरात म्हणू लागले, 'चष्मा कपाळावर आहे.' असा एका सुरातला वर्ग मला कधी लाभला नव्हता. मी भारावून बोट वर केले. दोन शब्द बोलणे प्राप्तच होते.

हिने माझे ते बोट हवेतच धरले. खाली आणले. पट्टीवर ठेवले. सूर निघाला.

"बोट उचललंत तर सूर तुटेल," ती हळू म्हणाली. "आणि बोट वर केल्याशिवाय तुम्हाला बोलता येत नाही. तेव्हा."

मी उभा राहिलो. ही हात बांधून ताठ झाली आणि गायली. हे गाणे घरात कधी ऐकले नव्हते. तिथल्या तिथे सुचले असणार.

एक गृहस्थ सापडले आहेत.
कोट करडा, चष्मा कपाळावर.
हरवल्याची तक्रार कुणी केलेली नाही.
ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावे.
चौकशी केली. कुणाचे नाहीत.
बोलतात फार, म्हणून कुणी नेत नाही.
शेवटची गाडी गेली.
खिडकीतल्या बाईने ठेवून घेतले आहेत.

'कुणाचे नाहीत'पाशी यति चुकतो. 'ठेवून घेतले'मध्ये मात्रा जास्त होतात. दोन्ही जागा मला लख्ख दिसल्या, बोट शिवशिवले, तोंडात शब्द तयार होते. मी बोट दाबून धरले. आणि मग, सांगायचे काही नसल्यामुळे असेल, ऐकू आले. हिचा श्वास ऐकू आला. ओळ संपल्यावर ही जरा थांबते आणि त्या थांबण्यात एका सुराखेरीज काही नसते. तो सूर मी होतो.

या वेळी टाळ्यांआधी शांतता होती. ती निराळी होती.

परतताना कन्या म्हणाली, "बाबा, चष्म्याचं मुद्दाम केलंत ना? काय वेळ साधलीत!" मी गूढ हसलो. मुद्दाम म्हणजे काय ते मला घरी येईपर्यंत कळले नव्हते. आरशात चष्मा दिसला, तेव्हा कळले.

दाढीवाला मागोमाग घरी आला. पुढच्या महिन्यात आणखी कार्यक्रम आहेत. म्हणाला, "काकू, ती पट्टी पुन्हा अडकवून घेऊ. दुरुस्तीवाला करून देईल."

ही चहा गाळत होती. "कशाला?" म्हणाली. "हे आहेत ना."

यावर मला बरेच लिहायचे होते. 'हे आहेत ना' या वाक्याचा प्रसंग, मध्यवर्ती कल्पना, काव्यसौंदर्य. पण उजव्या हाताचे बोट अजून दुखते आहे, लेखणी धरवत नाही. तेव्हा आज स्पष्टीकरण नाही.